घरचा स्टोरेज सर्व्हर: सॉफ्टवेअर कुठलं टाकू? (मुक्काम वेंगुर्ल्याजवळ, समुद्र एक किलोमीटर)

खळ्यातला | ९ मे, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

२०२० साली मुंबईहून घरी आलो तो इथेच राहिलो. चिऱ्याचं घर, वर कौलं. ऑफिसचं काम ऑफिसच्या लॅपटॉपवर, त्याची मला फिकीर नाही. फिकीर घरच्या गोष्टींची आहे.

काकांचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा होता. मागच्या महिन्यात माळा झाडताना त्यांची ट्रंक उघडली, तर आत ६२ मिनी-डीव्ही कॅसेटी. लग्नं त्यात फारशी नाहीत, ती ज्याची त्याला गेली. उरलेत ते जत्रेतले दहिकाले (म्हणजे दशावतारी नाटकं), आमच्या घरचे गणपती आणि दोन कॅसेटींत आजीच्या ओव्या. शिवाय घरातल्या सगळ्यांचे मिळून सहा-सातशे जीबी फोटो. ते तीन पोर्टेबल डिस्कवर विखुरलेत, आणि त्यातली एक हल्ली टकटक आवाज करते. वर बाबांनी स्कॅन करून ठेवलेले सातबारे, फेरफार, जुनं वाटपपत्र. (भाऊबंदकी आहे. कोकणात आणखी काय सांगू?)

हाताशी आहे ते असं: जुना डेस्कटॉप, सहाव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम. ४ टीबीच्या दोन नव्या डिस्क, २ टीबीची एक जुनी. वर खर्चायला तीस हजारांपर्यंत.

प्रश्न एवढाच: ट्रूनॅस, ओपनमीडियाव्हॉल्ट की अनरेड? व्हिडिओ बघून बघून डोकं भणभणलंय. प्रत्येक जण दुसऱ्याला मूर्ख म्हणतो.

---

निवांत | १० मे, सकाळी ७:०५

ट्रूनॅस. त्यातली फाइल सिस्टिम झेडएफएस. विषय संपला.

बरं, थोडं लिहितो. झेडएफएस डेटाच्या प्रत्येक ब्लॉकचा चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, ठेवतं. डिस्कने गुपचूप एखादा बिट बदलून परत दिला तर ते पकडतं, आणि मिरर (दोन डिस्कवर एकच डेटा) असेल तर दुसऱ्या डिस्कवरची चांगली प्रत घेऊन दुरुस्तही करतं. साध्या फाइल सिस्टिमला पत्ताच लागत नाही. दहा वर्षांनी फोटो उघडता आणि अर्धा करडा दिसतो, तो हाच आजार. शिवाय ते जुन्या डेटावर लिहीत नाही. नवीन जागी लिहून मग खूण बदलतं, त्यामुळे मधेच लाईट गेली तरी फाइल सिस्टिम अर्धवट अवस्थेत सापडत नाही. तुमच्याकडे लाईट किती वेळा जाते ते मी विचारत नाही.

८ जीबी रॅम ही ट्रूनॅसची किमान गरज आहे. १६ केलीत तर बरं.

---

जुनाबाजार | १० मे, सकाळी ९:४०

निवांतरावांचा विषय नेहमी सकाळी सातला संपतो आणि आमचा नऊला सुरू होतो.

खळ्यातले, तुमच्या डिस्क वेगवेगळ्या मापाच्या आहेत. अशा ठिकाणी ओपनमीडियाव्हॉल्ट, त्यावर मर्जरएफएस आणि स्नॅपरेड. मर्जरएफएस सगळ्या डिस्क एका फोल्डरसारख्या दाखवतं, स्नॅपरेड एका डिस्कवर पॅरिटी ठेवतं, म्हणजे मेलेल्या डिस्कवरचं परत बनवता येईल असा हिशेब. अट एकच, पॅरिटीची डिस्क डेटाच्या सगळ्यात मोठ्या डिस्कएवढी तरी हवी. तुमच्याकडे ४ अधिक २ डेटाला, ४ पॅरिटीला. सहा टीबी जागा मिळते. मिररमध्ये चार मिळणार, आणि तेही संगणकाच्या हिशेबात ३.६४ दिसणार.

मला त्यातली आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. प्रत्येक फाइल अख्खी एकाच डिस्कवर असते. सगळं कोसळलं तरी डिस्क काढा, कुठल्याही लिनक्सला लावा, फाइल समोर. उद्या मी नसलो तर माझा भाचा हे करू शकेल. झेडएफएसचा पूल (एकत्र बांधलेल्या डिस्क) इंपोर्ट करायला त्याला निवांतरावांना फोन लावावा लागेल.

तोटाही सांगतो. स्नॅपरेडची पॅरिटी चालू वेळेची नसते, सिंक केलं तेव्हाची असते. रात्री दोनला सिंक लावलं आणि संध्याकाळी डिस्क मेली, तर त्या दिवसाचं गेलं. फोटो-व्हिडिओ रोज बदलत नाहीत म्हणून चालतं.

---

निवांत | १० मे, सकाळी १०:१५

भाच्याने उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावला तरी पूल इंपोर्ट होतो. मला फोन नको.

---

सोलकढी | १० मे, दुपारी १:३०

दोघंही जागेवरून भांडताय, पण जागा लागते किती ते कोणी मोजलंच नाही. डीव्हीचा एक तास साधारण १३ जीबी. ६२ गुणिले १३ म्हणजे ८०६. फोटो ७०० धरा, कागदपत्रं किरकोळ. दीड टीबी झालं. ४ टीबीचा साधा मिरर अर्धासुद्धा भरत नाही. मग सहा टीबी हव्यात कशाला? २ टीबीची जुनी डिस्क बॅकअपला मोकळी राहू दे.

आणि खळ्यातले, कॅसेटी सर्व्हरची वाट बघणार नाहीत. माळ्यावर, कौलांखाली, कोकणातला पाऊस खाल्लेल्या आहेत त्या. आधी कॅसेटीच्या खिडकीतून आत पांढरी बुरशी दिसते का बघा. दिसली तर ती कॅसेट कॅमेऱ्यात घालू नका. हेड खराब होतो आणि पुढच्या प्रत्येक चांगल्या कॅसेटीला तीच बुरशी लागते. बाकीच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत आठवडाभर ठेवून मग चालवा. कॅप्चर फायरवायरनेच (कॅमेऱ्याच्या डिजिटल वायरने) करा, तीन रंगांच्या पिनांची वायर लावून नको. फायरवायरने टेपवरचा डिजिटल डेटा जसाच्या तसा येतो. एक तासाच्या कॅसेटीला एक तासच लागतो, त्याला शॉर्टकट नाही.

---

खळ्यातला | १० मे, रात्री १०:५०

सोलकढीताई, हिशेबासाठी आभार, मी खरंच मोजलं नव्हतं. कॅसेटी बघितल्या. नऊ कॅसेटींना पांढरं लागलंय. ओव्यांच्या दोन्ही त्यातच आहेत.

काकांचा कॅमेरा चालू आहे. फायरवायरचं कार्ड डेस्कटॉपला बसेल, स्लॉट रिकामा आहे. म्हणजे त्या गोंडस छोट्या एन-१०० मिनी पीसीचा विचार आपोआप बाद, बहुतेकांत कार्डाला जागाच नसते.

---

बापू_मालवणी | ११ मे, सकाळी ६:१५

अरे झिला, सॉफ्टवेअर ऱ्हवांदे. तुझ्या घराक अर्थिंग आसा काय?

मी वायरमन. चाळीस वर्षां ह्याच केलंय. मीटर घे, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात व्होल्टेज मोज. दोन-तीन व्होल्टच्या वर दाखवलं तर तुझी ती तिसरी पिन शोभेची. जांभ्यात पाणी थांबत नाही, मे महिन्यात खड्डा कोरडा ठक्क पडतो. मग पत्र्याची पेटी हाताला झिणझिण्या देते आणि लोक म्हणतात संगणक खराब.

---

खळ्यातला | ११ मे, दुपारी १२:४०

बापू, ३८ व्होल्ट.

---

बापू_मालवणी | ११ मे, दुपारी १२:५५

तर मग सर्व्हर लावू नको. आधी वायरमन बोलव. खड्डा नवीन, खोल, ओल टिकेल अशा जागी, न्हाणीच्या सांडपाण्याकडे असला तर उत्तम. कोळसा, मीठ, आणि उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी. जागा कातळाची असेल तर केमिकल अर्थिंग. बोर्डात आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) नसेल तर तोही बसवून घे. स्वतः काय करू नको, मीटरने मोजलंस तेवढा बस झाला.

आणि ते सर्ज प्रोटेक्टरवाले बोर्ड घेतात ना सगळे, अर्थिंगशिवाय ते अर्धंच काम करतात. जास्तीचा करंट ढकलायचा कुठे? जमिनीत. जमीनच जोडलेली नसेल तर तो सर्व्हरातूनच जातलो.

---

खाडीपल्याड | ११ मे, संध्याकाळी ७:२०

बापूंना +१००.

माझा अनुभव, जागा दापोली तालुका. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं, त्यानंतर आमच्याकडे कित्येक आठवडे वीज नव्हती. तेव्हा सर्व्हर वगैरे नव्हता, पण तेव्हापासून ठरवलंय की इथे जे काही लावायचं ते बंद पडणार हे धरूनच लावायचं. यूपीएस म्हणजे तासभर चालवायला नाही, नीट बंद करायला. यूपीएसची यूएसबी वायर सर्व्हरला लावा आणि नेटवर्क यूपीएस टूल्स बसवा. बॅटरी ठरावीक टक्क्यांवर आली की ते मशीन आपणहून बंद करतं.

आता खरी गंमत लाईट परत येताना होते. येते, जाते, येते, डीम होते, पुन्हा जाते. बायोसमध्ये ‘वीज आली की आपोआप चालू’ लावून ठेवलंत तर डिस्क दहा मिनिटांत पाच वेळा फिरून थांबते. मी फ्रिजच्या स्टॅबिलायझरवरून लाईन घेतली आहे, त्यात तीन मिनिटांचा डिले असतो. सलग तीन मिनिटं लाईट टिकली तरच पुढे जाते. दुकानदार हसला होता.

अवांतर: एसएमपीएसच्या (संगणकाला वीज देणाऱ्या डब्याच्या) पंख्याला बारीक जाळी लावा. पाल आत जाते, उबेला बसते, आणि मग पाल आणि एसएमपीएस दोघंही जातात. राउटरमध्ये लाल मुंग्या घर करतात, त्यावर अजून उपाय सापडलेला नाही.

---

निवांत | ११ मे, रात्री ८:००

पालीवर झेडएफएसकडेही उपाय नाही, कबूल.

---

सोलकढी | ११ मे, रात्री ९:१०

जागेबद्दल. माळ्यावर ठेवू नका, मे महिन्यात कौलांखाली भट्टी असते. बंद कपाटातही नको. माजघर बरं, जमिनीपासून दोन फूट वर, चुलीपासून लांब. खाऱ्या हवेत चालू मशीन बंद मशीनपेक्षा सुखी असतं, कारण आतली ऊब दमट हवा साचू देत नाही. महिनोन्‌महिने बंद पडलेल्या मशीनच्या पिना हिरव्या होतात. आमच्याकडे रॅम काढून पिनांवरून खोडरबर फिरवणं हा पावसाळ्यानंतरचा विधीच आहे, तुळशीच्या लग्नाआधी.

विजेचा खर्च: पंचवीस वॅट धरले तर दिवसाला ०.६ युनिट, महिन्याला १८. आमच्या पंपापुढे काहीच नाही.

---

वाशिष्ठीकाठ | १२ मे, सकाळी ११:००

एकच सांगतो. चिपळूण, २२ जुलै २०२१. माझ्या संगणकात मिरर होता. बाहेरची बॅकअप डिस्कही होती. दोन्ही तळमजल्यावर, एकाच टेबलाच्या वर-खाली. पाणी छताच्या पंख्याला लागलं होतं.

---

जुनाबाजार | १२ मे, सकाळी ११:३०

मिरर आणि पॅरिटी हे डिस्क मेली तरी काम चालू राहावं यासाठी. चुकून डिलीट केलेली फाइल मिररमध्ये दोन्ही डिस्कवरून एकदम जाते. बॅकअप वेगळाच लागतो, आणि वेगळ्या घरात लागतो. सॉफ्टवेअरवर आमची एवढी खडाजंगी झाली, पण हे न झालं तर ती सगळी फुकट. खळ्यातले, मुंबईत कोणी आहे का?

---

खळ्यातला | १२ मे, रात्री ११:०५

दादा डोंबिवलीला असतो. त्याला यातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. वहिनीला मात्र आजीच्या ओव्यांची ओढ आहे, ती डिस्क लावू देईल.

पण आमच्या फायबरला अपलोड २० एमबीपीएस मिळतं, तेही वानरांनी केबलवर झोके घेतले नाहीत तर. दीड टीबी पाठवायचं कसं? शिवाय बाहेरून घरी जोडायला गेलो तर सिजीनॅट (कंपनी एकच आयपी पत्ता अनेक घरांत वाटते तो प्रकार) आड येतो.

---

जुनाबाजार | १३ मे, सकाळी ८:५०

पहिली प्रत पिशवीतून. २० एमबीपीएसने तासाला जेमतेम ९ जीबी जातात, नुसत्या कॅसेटींनाच सलग ८९ तास लागतील. त्यापेक्षा २ टीबीच्या डिस्कवर इथेच पहिला बॅकअप घ्या, कपड्यांत गुंडाळून डोंबिवलीला न्या. पुढे फक्त नवीन भर जाईल, ती रात्रीतून सहज होते.

तिकडे जुना रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) किंवा कुठलाही लॅपटॉप चालेल. दोन्हीकडे टेलस्केल (दोन मशीन खाजगी नेटवर्कने जोडणारं सॉफ्टवेअर) टाका, सिजीनॅटचा प्रश्न सुटतो. राउटरवर पोर्ट उघडायचीही गरज नाही. बॅकअपला रेस्टिक. ते पाठवण्याआधीच सगळं कुलूपबंद करतं, त्यामुळे वाटपपत्र दादाच्या घरी असूनही दादाला वाचता येणार नाही. (तुमच्या भाऊबंदकीत दादा कुठल्या बाजूला आहे ते मी विचारलेलं नाही.) पासवर्ड मात्र कागदावर लिहून बाबांच्या पेटीत ठेवा. तो हरवला तर उघडायला दुसरा मार्ग नाही.

सिंकथिंगला (दोन मशीनवरची फोल्डरं सारखी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला) बॅकअप समजू नका. इकडे डिलीट झालं की तिकडेही डिलीट.

---

खळ्यातला | १३ मे, रात्री १०:२०

दादा आमच्याच बाजूला आहे. सध्या.

मंडळी, मी असं ठरवतोय, चुकत असेन तर कान धरा. ट्रूनॅस पक्कं तयार मशीन आहे, पण त्यावर आपल्या मनाने पॅकेज टाकायची सोय नाही. मला तर फायरवायर कार्ड आणि डीव्हीग्रॅब (कॅसेट उतरवायचं सॉफ्टवेअर) त्याच मशीनमध्ये हवंय. अनरेडला पैसे आहेत आणि ते पेनड्राइव्हवरून चालतं, इथे पेनड्राइव्हच्या पिनांचंही खोडरबर करावं लागेल. म्हणून साधं डेबियन लिनक्स, त्यावर आधी कॅसेटी, आणि मग ओपनमीडियाव्हॉल्ट. दोन ४ टीबींचा मिरर, फाइल सिस्टिम बीटीआरएफएस.

---

निवांत | १४ मे, सकाळी ७:०२

बीटीआरएफएस! सकाळी सकाळी हे वाचायला लावलंत.

असो. मिररपुरतं ठीक आहे. चेकसम आहे, स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) आहेत, आणि ते लिनक्सच्या कर्नेलमध्येच असल्याने जुनाबाजारचा भाचाही खूश. त्याच्या रेड-५, रेड-६ (पॅरिटीवाल्या प्रकारांच्या) वाटेला मात्र कधी जाऊ नका. आणि एक डिस्क मेली तर ते आपणहून माउंट होत नाही, ‘डिग्रेडेड’ असा पर्याय हाताने द्यावा लागतो. तेव्हा घाबरून फॉरमॅट करू नका. महिन्यातून एकदा स्क्रब लावा. स्क्रब म्हणजे सगळे ब्लॉक वाचून चेकसम जुळतात का बघणं. स्नॅपशॉट बॅकअप नाही, पण बाबांनी चुकून फोल्डर उडवलं तर कालचं परत मिळतं.

४ टीबीच्या डिस्क सीएमआर (ट्रॅक सुटे असलेल्या) आहेत का एकदा तपासा. एसएमआर डिस्कवर ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. एक कौल बदलायला पुढची ओळ उचकटावी लागते, म्हणून मोठ्या लिखाणात ती रडते. नॅससाठी (अशाच स्टोरेज सर्व्हरसाठी) म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्कही एसएमआर असल्याचं २०२० साली उघड झालं होतं, तेव्हा खोक्यावरच्या नावावर जाऊ नका. मॉडेल नंबर बघा.

अवांतर: २००९ साली फ्रीनॅसमध्ये फ्रीबीएसडी की डेबियन यावरून वाटा वेगळ्या झाल्या. डेबियनवाला वेगळा झाला त्याचं ओपनमीडियाव्हॉल्ट झालं. उरलेल्याचं पुढे ट्रूनॅस झालं, आणि आता तेही डेबियनवरच येऊन बसलंय. कोकणातल्या वाटणीसारखं आहे, शेवटी दोघांची विहीर एकच.

---

नारळीपाक | १४ मे, दुपारी ३:१५

वाचनखूण साठवली. फोटो बघायला काय वापरणार? आमच्याकडे इमिच आहे, घरच्या सर्व्हरवरचं फोटोंचं सॉफ्टवेअर. चेहरे ओळखतं, फोनवरून आपोआप उचलतं. आईला फक्त ॲप दिसतं, सर्व्हर कुठे आहे याच्याशी तिला कर्तव्य नाही. आमच्या चार पिढ्यांची नाकं सारखी असल्याने ते आजोबांना आणि माझ्या मुलाला एकच समजतं.

---

खळ्यातला | २ सप्टेंबर, रात्री ९:४५

धागा वर काढतोय. पावसात लिहायला जमलं नाही.

अर्थिंग नवीन केलं. पाऊस सुरू व्हायच्या आत खड्डा झाला, न्हाणीच्या मागे. आता १.६ व्होल्ट. बापू, तुमच्यामुळे फ्रिजचं दार उघडताना येणाऱ्या झिणझिण्याही थांबल्या. आई त्याला इतकी वर्षं थंडीच्या झिणझिण्या समजत होती.

सर्व्हर माजघरात स्टुलावर आहे, जाळी लावलेली आहे. स्टॅबिलायझरची युक्ती वापरली, आमचाही दुकानदार हसला. जुलैत एकदा दोन दिवस लाईट नव्हती. मशीन नीट बंद झालं, परत आल्यावर स्क्रब लावला, एकही चूक नाही. दोन डिस्कपैकी एक एसएमआर निघाली, ती दुकानातून बदलून घेतली.

५३ कॅसेटी झाल्या. रोज रात्री जेवणानंतर एक. बाबा पहिले दोन दिवस ‘कसला आवाज’ म्हणून करवादले, तिसऱ्या दिवशी खुर्ची घेऊन बसले. एका दहिकाल्यात संकासुर पाच मिनिटं संवाद विसरून भलतंच बोलतोय आणि पेटीवाला हसून हसून आडवा झालाय. तो पेटीवाला म्हणजे बाबा. ही क्लिप गणपतीत दादाच्या मुलांनी दिवसातून दहा वेळा लावली. दादा चतुर्थीला आला होता, जाताना डिस्क त्याच्याच बॅगेतून गेली. डोंबिवलीला आता रोज रात्री भर जाते. गेल्या रविवारी तिकडून वाटपपत्राचा स्कॅन परत खेचून उघडून बघितला. उघडतो.

राहिल्या त्या बुरशीच्या नऊ. डब्यात सिलिका जेलमध्ये आहेत. त्या मी स्वतः चालवणार नाही. मिनी-डीव्ही साफ करून देणारं भरवशाचं कोणी माहीत आहे का? मुंबई-पुणे चालेल, पोस्टाने पाठवणार नाही, स्वतः घेऊन येईन.

---

सोलकढी | २ सप्टेंबर, रात्री १०:१०

व्यनि केलाय. आणताना ओव्यांच्या दोन वेगळ्या पिशवीत ठेवा, आधी कमी महत्त्वाची एक देऊन काम बघा.

---

बापू_मालवणी | ३ सप्टेंबर, सकाळी ६:०५

पाऊस गेलो काय खड्ड्यात पाणी घालूक विसरा नको.